पोस्टरमध्ये बाई कुठे आहे?

(निलंगा येथे गावोगावच्या महिला मंडळांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



आज आपण पोस्टर करायला बसणार आहोत. "आम्हाला चित्रकला येत नाही," असं सकाळी बऱ्याच जणी म्हणाल्या. पण ठिपक्यांची रांगोळी तर आपल्याला येते ना? ठिपके जवळजवळ असले की बोट फिरायच्या आधीच डोळा त्यांची ओळ जोडतो. माक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली जर्मनीत हेच मांडलं, तेही कागदावर ठिपके काढून. जे जवळ असतं, सारखं दिसतं, ते डोळा एका गटात धरतो. म्हणजे आपण नुसतं पाहत नसतो. डोळा निवडतो, जोडतो, काही मागे सारतो.

एडगर रुबिन या डेन्मार्कच्या अभ्यासकाचं १९१५ सालचं एक चित्र प्रसिद्ध आहे. मधे पेला, दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन चेहरे. पेला पाहिला की चेहरे मागे जातात; चेहरे पाहिले की पेला नाहीसा होतो. एक आकृती झाली की दुसरी तिची पार्श्वभूमी होते. घरात पार्श्वभूमी होऊन राहणं काय असतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

आता माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी मारहाणीविरुद्ध एक पोस्टर केलं होतं. वर भली मोठी काळी मूठ, खाली कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई. घोषणा ठळक होती: 'मारहाण थांबवा'. आम्ही खूश होतो. एका गावात ते लावलं आणि तिथल्या एका मावशींना विचारलं, "काय दिसतंय?" त्या म्हणाल्या, "त्याचा हात लई मोठा हाय."

एवढंच. घोषणा त्यांना वाचता येत नव्हती. माझे शब्द 'थांबवा' म्हणत होते आणि चित्र त्या हाताचीच ताकद सांगत होतं. बाई पार्श्वभूमीत गेली होती. मदतीचा नंबर तळाशी, मंडळाच्या आणि छापखान्याच्या नावाला चिकटून बारीक अक्षरात. डोळ्याने ते सगळं एकाच गटात टाकलं आणि सोडून दिलं. ज्या बाईसाठी पोस्टर, तिला त्यातून फक्त भीती मिळाली.

नंतर आम्ही ते बदललं. बाई मधे आणि उभी. शेजारी दुसरी बाई, तिच्या खांद्यावर हात ठेवलेली. दोघी एका बाजूला बघताहेत, आणि त्याच बाजूला मोकळी जागा सोडून १८१ हा महिला हेल्पलाइनचा आकडा. चित्रातलं माणूस जिकडे बघतं, तिकडे आपलीही नजर वळते. मोकळी जागा वाया जात नाही. तिथलीच गोष्ट आधी दिसते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. पण कुठे जायचं हेच दिसलं नाही, तर कायद्याचा तिला काय उपयोग?

आपल्या भागासाठी आणखी एक. इथे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, कारभार उर्दूत चाले. आजही आपल्या काही मैत्रिणी उर्दू वाचतात, उजवीकडून डावीकडे. आपण डावीकडे 'आधी' आणि उजवीकडे 'नंतर' काढलं, तर त्यांना गोष्ट उलटी लागू शकते. म्हणून चित्रं वरून खाली लावा. तो क्रम दोघींना कळतो.

आणि चौकातले फ्लेक्सही याच नजरेने बघा. ग्रामपंचायतीत बायकांना ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पण अभिनंदनाच्या फ्लेक्सवर कित्येकदा सरपंचबाईंचा फोटो छोटा आणि पतिराजांचा मोठा असतो. अक्षर वाचायच्या आधी डोळा आकार वाचतो. सत्ता कुणाकडे आहे, हे न वाचताच गावाला कळतं.

तेव्हा आज पोस्टर झालं की भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि बघा: सगळ्यात आधी कोण दिसतं? बाई कुठे आहे? ती काय करते आहे? पुढची वाट दिसते का? मग जिला वाचता येत नाही अशा मैत्रिणीला बोलवा. तिला काय दिसतं, ते आपण मधे न बोलता ऐकायचं. तिला वेगळंच दिसलं, तर बदलायचं पोस्टर आहे, ती नव्हे.

चला, कागद घ्या.