हजेरीपटातील तिसरा रकाना



मर्दानी विद्या शिकविणाऱ्यांच्या ज्या परिषदेच्या अध्यक्षपदी एखाद्या गाजलेल्या मल्लाची किंवा निदान शरीरशास्त्राच्या एखाद्या पंडिताची योजना व्हावी, तेथे आयुष्यात एकही गदा न मिळविलेल्या आणि अलीकडे जिना चढताना कठड्याचा आधार घेणाऱ्या माझ्यासारख्या वयस्क शिक्षकाला आपण आणून बसविले आहे, याचा अर्थ मी इतकाच लावतो की, आपणांस डावपेचांपेक्षा शाळा चालविण्याच्या खटाटोपाविषयी काही ऐकावयाचे असावे. आणि त्या खटाटोपात ज्या चुका करता येणे शक्य आहे त्यांपैकी बहुतेक मी स्वहस्ते केलेल्या असल्यामुळे, तेवढ्यापुरता माझा अधिकार मी मान्य करतो.

समोर मुसळ्या डोंगर उभा आहे. चैत्री पौर्णिमेला इथल्या, डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा भरली म्हणजे वाघाडीचा पुजारी मध्यरात्री ध्वज घेऊन त्याच्या अवघड वाटेने वर चढतो आणि जव्हारच्या मुकणे घराण्याकडून चालत आलेल्या मानाचा तो ध्वज शिखरावर लावून खाली येतो. त्याला कोणी पदक देत नाही, वेळही मोजीत नाही. हे चढणे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्या मुलखाला बाहेरच्या कोणी येऊन शरीरसामर्थ्याचे माहात्म्य समजावून सांगावे ही कल्पना वास्तविक हास्यास्पद आहे. परंतु मला ती तशी वाटावयास बरीच वर्षे लागली.

मी जन्माने कोल्हापूरचा, म्हणजे तालमींच्या गावचा. 'तालीम' हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. फारशीच्या वाटेने तो आपल्याकडे आला तेव्हा नाटकवाल्यांनी तो सरावासाठी उचलला आणि पैलवानांनी त्याची चक्क इमारत बांधली. आमच्या गावी गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे नुसती उच्चारली तरी जुन्या माणसाचा हात नकळत दंडावर जातो. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले, हा इतिहास आपण जाणता. पण 1922 मध्ये महाराज गेले, 1949 मध्ये संस्थान विलीन झाले, आणि तरीही तालमी उठल्या नाहीत, याचे कारण दरबारच्या दफ्तरात सापडत नाही. ते पेठेच्या कट्ट्यावर सापडते.

लहानपणी मी हौद्यातील माती कालविताना पाहिली आहे. तांबडी माती खणून, चाळून, तीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, काव आणि कापूर घालीत. हळद एका घरची असे, ताक गवळ्याचे, तेल घाण्यावरून आलेले. आणि ज्याने ते दिले त्याचा मुलगा कुस्ती खेळत असे किंवा नसेही. ज्याचा मातीत वाटा त्याचा तालमीवर हक्क, अशी ती अलिखित वहिवाट होती. मग तालीमही ते ऋण मुकाट्याने फेडीत असे. पेठेत कोणी गेले की खांदा द्यायला लंगोट सोडून धावणारे पैलवानच. गणपती बसे तालमीत, आणि मोहरमचे पंजेही कित्येक तालमींतच बसत. 2019 साली पंचगंगेने शहराला वेढले तेव्हा शासकीय पथकांच्या बरोबरीने पाण्यात उतरली ती याच तालमींची पोरे. तालमीच्या कट्ट्यावर सारे पुण्यकर्मच चालते असे मात्र मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत त्या कट्ट्यावर कसले हिशेब मांडले जातात हे कोल्हापूरकर जाणतात, आणि फुटबॉलच्या मैदानावर पेठेच्या अभिमानापायी डोकीही फुटतात. तथापि भांडण्याइतकी आपुलकी ज्या संस्थेविषयी लोकांना वाटते, ती संस्था विद्यार्थ्यांच्या अभावी बंद पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

त्याही आधीचा दाखला पुण्याचा आहे. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले मर्दानी विद्या शिकले. आणि पुढे जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा वस्तीत फिरून मुले गोळा करण्याच्या कामी हेच वस्ताद पुढे झाले. शाळेच्या चालकांना जो विश्वास विनवण्या करून मिळविता आला नसता, तो वस्तादाच्या पदरी आधीच जमा होता. आणि खाशाबा जाधवांविषयी या सभेत मी काय सांगावे! 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले आणि उरलेले लोकांच्या वर्गणीतून जमले. म्हणूनच कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांना आणावयास गेल्या. ज्याच्या प्रवासखर्चात आपला रुपया आहे त्याच्या मिरवणुकीत आपला बैल असावा, हे ओघानेच आले.

एवढे सगळे पाहून, ऐकून आणि वाचूनही मी डहाणू तालुक्यात बदलून आलो तेव्हा काय केले असेल? भाड्याने एक सभागृह घेतले, दारावर पाटी लावली, आणि कराटेचा वर्ग काढला. (मल्लविद्येऐवजी कराटे का, असे आमच्या कोल्हापुरास अजून विचारतात, उत्तर एवढेच की, माती कालविण्यास माणसे लागतात आणि मला माणसे ठाऊक नव्हती.) जूनमध्ये 43 मुले आली. भाताच्या आवणीच्या दिवसांत निम्मी झाली, ती भाद्रपदात थोडी सावरली, आणि दिवाळीनंतर जी गळू लागली ती मार्गशीर्षात 11 वर येऊन ठेपली. मी शिस्तीचा माणूस. तांबड्या शाईने एकेका नावासमोर 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले' असा शेरा लिहीत गेलो, आणि या लोकांना चिकाटी नाही असे माझ्या सहकाऱ्यांना सांगत गेलो. ते वाक्य आज उच्चारताना मला शरम वाटते, पण उच्चारले नाही तर पुढचे कळणार नाही.

असाच एके दिवशी पहाटे चारोटी नाक्यावर मी मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एक टेम्पो येऊन थांबला. त्यात भांडी, गोणपाट, दोन कोंबड्या, बायामाणसे आणि पोरे अशी एका अख्ख्या पाड्याची बिऱ्हाडे दाटीवाटीने भरलेली होती. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर ती मंडळी निघाली होती. होळीपर्यंत परतणार नव्हती. त्या बोचक्यांवर माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. थंडी फार होती आणि दुसरे जाड कापड नसावे, म्हणून त्याने वर्गाचा पांढरा गणवेश अंगात चढविला होता, आणि कमरेला पिवळा पट्टा, गाठ मी शिकविली होती तशीच, बरोबर मारलेली. मला पाहताच तो त्या डगमगत्या ढिगावर उभा राहिला, दोन्ही पाय जुळविले, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकून त्याने मला रीतसर वंदन केले. टेम्पो निघून गेला. त्याचे नाव मी आदल्याच दिवशी कमी केले होते.

ज्या गोष्टीचा बोध होण्यासाठी मला नाक्यावर उभे राहावे लागले, ती याच तालुक्यात काही दशकांपूर्वी सिद्ध होऊन गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले; मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढत गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात गेली. 'कुरणशाळा' हा शब्द मी शिक्षक असून केवळ परीक्षेपुरता पाठ केला होता. इथल्या महालक्ष्मीची आख्यायिकाही तीच आहे: डोंगर चढताना मूर्च्छा आलेल्या गर्भवतीसाठी देवी गडावरून पायथ्याशी उतरली. देवी उतरली, मास्तर मात्र सभागृहात बसून हजेरी घेत होते.

आणखी एक संकोच मला वाटत असे आणि तो आजही पुरता गेलेला नाही. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतकरी जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या सोबतीने त्यांनी वेठ झुगारली. पुढे तलवाड्याला गोळीबार झाला तरी ते मागे हटले नाहीत. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना 'छाती काढून उभे राहा' असे शिकविण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी शिकवू शकतो तो ठोसा, पवित्रा, पडण्याची रीत. छाती त्यांची आहे.

तेव्हा मी सभागृह सोडले आणि पाड्यावर गेलो. भात झोडून झाले की शेणाने सारवलेले, टणक, सपाट खळे मोकळे पडते. याहून उत्तम आखाडा मी कोठे पाहिला नाही. परवानगीसाठी जाणत्या मंडळींपुढे बसलो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अखेर ज्यांचे खळे होते त्या घरच्या म्हातारीने एकच अट घातली, खळ्यावर धान्य पडते, सबब चपला घालून कोणीही चढावयाचे नाही. आमच्या विद्येचा पहिला नियम तोच, हे तिला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून हसली. पहिल्या वर्षी फी ठरली नव्हती. ज्याला जमेल त्याने पायलीभर भात आणावा आणि जमाखर्च पौर्णिमेला खळ्यावरच मोठ्याने वाचून दाखवावा, असे ठरले. हा जमाखर्च वाचण्याचा प्रघात, माझ्या मते, सगळ्या जाहिरातींपेक्षा अधिक मुले आणतो. आपल्या भाताचे काय झाले हे ऐकावयास बाप येतो, आणि ऐकता ऐकता मुलीचा पवित्राही पाहतो.

शिकविताना मात्र मीच शिकलो. पायांची हालचाल मी फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढून समजावीत असे, आणि मुले गोंधळून जात. एका रात्री तारपा नाच पाहिला. मध्यभागी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडपत्राचा तो लांब तारपा वाजतो आहे, कमरेत हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती वळते आहे, अग्रभागी घुंगरांची काठी जमिनीवर आपटते आहे, आणि तारपकऱ्याने सूर बदलताच सगळ्यांचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर एकदम, विनाहुकूम, सरकते आहे. गुडघे किंचित वाकलेले, टाच हलकी, नजर पुढे. जे मी वर्षभरात आणू शकलो नव्हतो ते तेथे पाच वर्षांच्या पोरीच्याही पायांत होते. दुसऱ्या दिवसापासून मी बाण काढणे बंद केले.

मुलींचा प्रश्न अनेकांनी मला लेखी विचारला आहे. थोडक्यात सांगतो: वेळ दिवस मावळण्याआधीची ठेवा, शिकविणारी त्याच पाड्यातली असू द्या, आणि आईला न विचारता बापाला विचारू नका.

पट्ट्यांविषयी चार शब्द कटू बोलणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे गृहस्थ आमच्याकडे परीक्षा घ्यावयास आले, दुपारभरात सर्वांना उत्तीर्ण केले आणि प्रत्येकी रक्कम घेऊन सोनेरी शिक्क्यांचे दाखले वाटून गेले. पुढे नोकरीच्या दरखास्तीला तो दाखला जोडणाऱ्या आमच्या एका मुलाला तो ग्राह्य नसल्याचे कळले. त्याच्या बापाने मला विचारले, मास्तर, तुम्ही तिथे बसला होतात ना? मी बसलो होतो. त्यानंतर आमच्याकडे कोणाची परीक्षा कोण घेणार हे पालकांपुढे ठरते. दादरच्या शिवाजी पार्कावर 1925 पासून चालू असलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मी उघड्या मैदानावर मल्लखांब पाहिला आहे. येणारा-जाणारा कठड्याशी उभा राहून पाहू शकतो. असे उघड्यावर शिकविणाऱ्याला खोटा दाखला देणे जड जाते.

टेम्पोवरचा तो मुलगा शिमग्याला परतला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो आणि नाव पुन्हा घातले. तो आता बाप्या माणूस आहे. भट्टीवर अजूनही जातो, पण संध्याकाळी वीट पाडून झाली की तिथल्या पोरांना तासभर घेतो; त्यांत आमच्या पाड्याची असतात तशी जव्हार-मोखाड्याचीही असतात, आणि सणाला घरी गेलेली ती पोरे त्यांच्या गावी खळे शोधू लागतात. आमच्या शाळेची वाढ म्हणून जी काही आपण ऐकली असेल, ती अशी टेम्पोतून झाली आहे. हजेरीपटात आम्ही 'हजर' आणि 'गैरहजर' यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला. त्यात लिहितो: भट्टीवर, बोटीवर, आवणीला. चैत्रात तिथे 'जत्रेला' असे लिहिले जाते, कारण पंधरा दिवस आमची मोठी मुले रांगांना पाणी देणे आणि चुकलेली पोरे आईबापांच्या हवाली करणे या कामी गुंतलेली असतात. त्या रकान्यातील नाव कमी करावयाचे नसते.

आता परिषदेच्या कामकाजास प्रारंभ व्हावा. विषयपत्रिकेवर पहिला ठराव सरावाच्या वेळापत्रकाचा आहे, आणि शिमग्याला आलेली काही मंडळी अजून गावीच असल्यामुळे त्यावर त्यांचे मत आजच घेणे सोयीचे होईल. सायंकाळी पाच वाजता पलीकडच्या खळ्यावर मुलांची प्रात्यक्षिके आहेत. पाहावयास येणाऱ्यांनी चपला खळ्याबाहेर काढाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. म्हातारी अजून तेथेच बसते.