वाढते ऊन आणि आपली सायकल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संमेलनात विवाह, शिक्षण आणि निधी यांचा विचार दरवर्षी होतो. आज आम्ही उन्हाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेत आहोत. कारण या तिन्ही विषयांशी त्याचा आता निकट संबंध आला आहे.

तापीकाठास ऊन नवे नाही. वैशाखात नंदुरबार, शहादा, तळोदा येथे पारा ४० अंशांवर जावयाचाच. तथापि त्यात आता भर पडत आहे. जागतिक हवामान संघटनेने २०२४ हे तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरविले. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याचा हा परिणाम होय.

ऊन वाढले म्हणून माणूस सायकल सोडून मोटारसायकल घेतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, आणि त्याने ऊन आणखी वाढते. हे रहाटगाडगे कोठे तरी थांबविले पाहिजे.

सायकलस्वारास आपल्याच गतीचा वारा लागतो व घाम वाळून अंग निवते. परंतु हवा त्वचेहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, अधिक तापली की तोच वारा अंग तापवू लागतो; मग सारी भिस्त घामावर, अर्थात प्यालेल्या पाण्यावर राहते. म्हणून दुपारी बारा ते तीन सायकल टाळावी, हे शहाणपणाचेच आहे. त्या निमित्ताने सकाळ-संध्याकाळची सायकलही सोडणे मात्र उचित नव्हे. धडगावच्या घाटातील बांधवांस आमचा आग्रह नाही. सपाटीवरील गावांस आहे.

यात खरी हानी मुलींची आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. उन्हाळ्यात शाळा सकाळी भरते खरी, पण सुटते ती ऊन चढल्यावर. वाटेत एखादी मुलगी भोवळ येऊन पडली, तर भ्यालेले आईबाप तिची शाळाच बंद करतात. घरात मोटारसायकल आली तरी ती मुलाच्या हाती जाते, मुलीच्या नव्हे.

शेजारच्या गुजरातेत, २०१० च्या भीषण उष्म्यानंतर अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेविषयीचा कृती आराखडा तयार केला. लोकांस आगाऊ सूचना, पिण्याचे पाणी आणि दवाखान्यांची सिद्धता हे त्याचे मुख्य भाग. आपल्या शक्तीप्रमाणे आपणही काही करू शकतो. गावापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर निंब व चिंच लावावी आणि निदान तीन उन्हाळे तिला पाणी घालावे. पूर्वजांच्या नावे अर्ध्या वाटेवर पाणपोई घालावी. भर दुपारची लग्ने सकाळी अथवा गोरज मुहूर्तावर लावावीत. जावयास मोटारसायकल देण्याची चाल बंद करून त्यातील काही रक्कम ज्ञातिनिधीस द्यावी, आणि त्यातून विद्यार्थिनींच्या सायकलींचे टायर, ट्यूब व दुरुस्ती यांचा खर्च भागवावा.

यांपैकी शेवटची सूचना ठरावरूपाने आजच संमत व्हावी, अशी आमची अध्यक्षमहाराजांस नम्र विनंती आहे.