छातीतला कफ आणि नेब्युलायझर

सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना जोरात खोकता येत नाही, लाळही नीट गिळता येत नाही. मग कफ छातीतच घरघरत राहतो. किनवटच्या वाड्या-तांड्यांपासून नांदेडचं मोठं सरकारी रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अशा घरात नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणारं यंत्र, मोलाचं, वीज असली तर!

त्यातून दिलेलं तीन टक्के मिठाचं निर्जंतुक द्रावण श्वासनलिकेत पाणी ओढून चिकट कफ पातळ करतं. त्यानं नळ्या आखडू शकतात, म्हणून डॉक्टर बहुधा आधी नळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल देतात. पण खरं काम त्यानंतरचं: कुशीवर वळवून, छाती थोपटून, गरज पडल्यास सक्शननं कफ बाहेर काढणं. लाळ कमी करायला दिली जाणारी ग्लायकोपायरोलेटसारखी औषधं उलट स्राव आटवतात. जास्त झाली तर कफ घट्ट होऊन अडकतो.

द्रावण घरी मीठ कालवून करू नका. ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर थेट किनवटजवळच्या गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.