इंग्रजी शब्द आणि त्याचे सोबती

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी शब्द आणि त्यासमोर एकच मराठी अर्थ अशी यादी पाठ करण्याची रीत रुळलेली आहे. परंतु ती शब्दाला वाक्यातून उपटून काढते, आणि म्हणूनच पाठ झालेला शब्द ऐन वेळी जिभेवर येत नाही. शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी १९५७ मध्ये प्रतिपादले. ठरावीक शब्द ठरावीक शब्दांबरोबरच येण्याच्या या सवयीला शब्दसाहचर्य म्हणता येईल.

मराठी भाषकाला हे तत्त्व परके नाही, कारण भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि घरी पोहोचायला तासही लागतो, तरी ‘लागणे’ म्हणजे काय हे त्याला कोणी यादीतून शिकवलेले नसते. इंग्रजीतील ‘फाइन’ हा शब्दही हवेविषयी आला तर निरभ्र, वाळूविषयी आला तर बारीक आणि वाहतूक पोलिसाच्या पावतीवर आला तर दंड असा अर्थ देतो. कडक चहाला ‘स्ट्राँग टी’ म्हणतात, ‘पॉवरफुल टी’ म्हणत नाहीत. दोन्ही विशेषणांचे कोशातील अर्थ जवळचे असल्यामुळे हा भेद केवळ वाचनातून आणि श्रवणातूनच अंगवळणी पडतो.

अनोळखी शब्द भेटताच आधी मागचेपुढचे वाक्य वाचून, तो नाम आहे की क्रियापद हे पाहून अर्थाचा अंदाज बांधावा. मात्र संदर्भ कधीकधी चकवतो, म्हणून तो अंदाज शब्दकोशात ताडून पाहावा आणि वहीत सुट्या शब्दाऐवजी ते संपूर्ण वाक्यच उतरवून घ्यावे.