आठ लेकींची राणी

आज गोष्ट एका राणीची, आणि ती खरी आहे.

मारिया लेश्चिन्स्का १७०३ साली पोलंडमधल्या सरदार घराण्यात जन्मली. वडील राजे झाले, पण गादी गेली आणि कुटुंबाला परमुलखात राहावं लागलं. १७२५ मध्ये तिचं लग्न फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्याशी झालं. ती बावीस वर्षांची, तो पंधरा.

१७२७ ते १७३७, दहा वर्षांत दहा लेकरं झाली. आठ मुली, दोन मुलगे. त्यातला एक मुलगा आणि एक मुलगी लहानपणीच गेली.

१७३८ मध्ये दरबाराचा खर्च वाचवायचा म्हणून धाकट्या चौघींना दूरच्या फोंतव्रो मठात पाठवलं. गादीचा वारस भाऊ मात्र महालातच वाढला. सगळ्यात धाकटी लुईझ तेव्हा वर्षाचीही नव्हती. आई-वडील एकदाही भेटायला गेले नाहीत. तेरेझ आठ वर्षांची असताना तिथेच वारली. उरलेल्या तिघींची चित्रं काढायला चित्रकार पाठवला. लेकी कशा दिसतात, ते आईनं चित्रात पाहिलं! लुईझ १७५० मध्ये परतली, तेव्हा तेरा वर्षांची होती.

वर्सायच्या त्या महालात खोल्यांना तोटा नव्हता. तरी काटकसर आली ती लेकींच्या वाट्याला.

बायांनो, आपल्या घरात पैसा कमी पडला की आधी कोणाची शाळा सुटते? या महिन्यात गटाच्या बैठकीत एवढं नक्की बोला.