खिडकीपासून दप्तरखान्यापर्यंत : वेब-विकसनाची पहिली वाट

(शिक्षक व ग्रामीण वाचनालयांचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाकडे वळू इच्छिणारे आपल्या गावांतील तरुण-तरुणी आज एक प्रश्न वारंवार विचारतात. ‘फुल-स्टॅक वेब डेव्हलपमेंट’ शिकावयाचे तर प्रारंभ कोठून करावा? या नावाखाली त्यांच्यापुढे नवनव्या साधनांची लांबलचक यादी ठेवली जाते आणि थोड्या महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीही त्यांच्या दृष्टीस पडतात. अशा वेळी पालकांचा पैसा, तरुणांचे उमेदीचे वर्ष आणि त्यांचा आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी पणाला लागतात. म्हणूनच नवशिक्याने कोणता मार्ग धरावा, याविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रथम या शब्दाचा अर्थ पाहू. आपण मामलेदार कचेरीत दाखल्यासाठी जातो, तेव्हा खिडकीशी अर्ज देतो. आतील कारकून तो अर्ज तपासतो, नियमात बसतो की नाही हे ठरवितो, दप्तरखान्यातून नोंद काढवितो आणि उत्तर खिडकीवर आणून देतो. संकेतस्थळाचेही असेच आहे. आपल्या पडद्यावर दिसणारे पान ही खिडकी होय. दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चालणारा कार्यक्रम हा कारकून आणि डेटाबेस हा दप्तरखाना. खिडकीपासून दप्तरखान्यापर्यंतची सारी व्यवस्था ज्यास उभारता येते, तो फुल-स्टॅक विकसक.

या विद्येचा पाया फारसा बदललेला नाही, ही गोष्ट नवशिक्याने मनावर ठसवून घ्यावी. जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली त्या संस्थेने हे तंत्र सर्व जगाला विनामूल्य खुले केले. पानाची रचना सांगणारी एचटीएमएल ही भाषा त्याच काळातली. पानाचे रूप ठरविणारी सीएसएस तिच्या मागोमाग आली आणि पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट १९९५ सालची आहे. डेटाबेसमधील तक्त्यांची पद्धत तर एडगर कॉड यांनी १९७० सालीच मांडली होती. साधने दर दोन-चार वर्षांनी बदलतात. हा पाया मात्र टिकून आहे. यास्तव आरंभीचे परिश्रम पायावर खर्च करावे.

हा पाया कसा शिकावा? केवळ पाठ ऐकून तो अंगी बाणत नाही. एखादे लहानसे परंतु पुरे काम स्वतःच्या हाताने उभे करावे, हाच त्याचा मार्ग आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोव्यात ठिकठिकाणी वाचनालये आहेत. आपल्या गावच्या वाचनालयाची देवघेव वही, हे एकच काम विद्यार्थ्याने हाती घ्यावे.

पहिल्या पायरीस एचटीएमएलमध्ये पुस्तकांच्या यादीचे एक पान लिहावे. त्यास साधा मजकूर-संपादक आणि ब्राउझर पुरतो. जुना संगणकही चालतो आणि इंटरनेटची जोडणी नसली तरी अडत नाही. दुसऱ्या पायरीस सीएसएसने ते पान मोबाइलच्या लहान पडद्यावरही नीट वाचता येईल असे करावे. तिसऱ्या पायरीस जावास्क्रिप्टने लेखकाच्या नावावरून पुस्तक शोधण्याची सोय करावी. येथे वेळ अधिक लागतो आणि तो लागू द्यावा. चौथ्या पायरीस सर्व्हरवरचा कार्यक्रम लिहावा. २००९ साली नोड-जेएस आल्यापासून हेही काम जावास्क्रिप्टमध्ये करता येते; त्यामुळे नवशिक्याचा एका भाषेचा भार हलका होतो. पाचव्या पायरीस डेटाबेस घ्यावा. एसक्यूलाइट या विनामूल्य डेटाबेसचे सारे दप्तर एकाच फाइलीत मावते. त्यात पुस्तके, सभासद आणि देवघेव असे तीन तक्ते करावे. पुस्तकाचे नाव देवघेवीत पुन्हा पुन्हा न लिहिता केवळ दाखल क्रमांक लिहावा, म्हणजे नावातील दुरुस्ती एकाच जागी होईल. आपले ग्रंथपाल वहीवर हीच पद्धत वापरतात.

आता एक अडचण पाहा. एकच प्रत दोन सभासदांनी एकाच क्षणी मागितली तर काय होईल? दोघांच्याही पडद्यावर ‘पुस्तक उपलब्ध’ असेच दिसत असेल. म्हणून खिडकीवरील तपासणीवर विसंबून चालत नाही. अंतिम निर्णय कारकुनाने दप्तर पाहूनच द्यावयास हवा. हे ज्याला आपल्या कामातून उमगले, त्याला या विद्येचे मर्म कळले असे मी म्हणेन.

मराठीतून काम करताना आणखी काही गोष्टी शिकावयास मिळतात. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणक मात्र ते चार चिन्हांचे मोजतो आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत ते साठविण्यास बारा बाइट लागतात. वाचकाने सभासद क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला, तर जावास्क्रिप्ट तो संख्या म्हणून ओळखत नाही. अंकांचे रूपांतर आपणच करावे लागते. परक्या उदाहरणांवरून शिकणाऱ्यास ही अडचण कधी दिसणार नाही, आणि आपल्या आजी-आजोबांना मात्र ती खिडकीशीच अडवील.

दप्तरखाना उघडला की जबाबदारीही येते. सभासदांचे परवलीचे शब्द जसेच्या तसे कधीही साठवू नयेत; मूळ शब्द परत मिळविता येणार नाही अशा सांकेतिक रूपातच ते ठेवावेत. वाचकाने भरलेला मजकूर डेटाबेसला द्यावयाच्या आज्ञेत थेट मिसळू नये, अन्यथा त्या वाटेने एखादा दुष्ट मनुष्य सारे दप्तर वाचील किंवा पुसून टाकील. लागत नाही ती माहिती मागूच नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे. गावाने विश्वासाने दिलेला दूरध्वनी क्रमांक ही ठेव आहे, हा संस्कार पहिल्याच कामात व्हावयास हवा.

आजकाल कृत्रिम बुद्धिमत्ता अशी सारी आज्ञावली क्षणार्धात लिहून देते. मग शिकावे कशाला, असेही विचारले जाते. यंत्राने लिहिलेला अर्ज वाचल्यावाचून आपण त्याखाली सही करतो काय? जे वाचता येत नाही, ते तपासता येत नाही आणि बिघडल्यास दुरुस्तही करता येत नाही. यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु प्रत्येक ओळीचा अर्थ आपणास सांगता आला पाहिजे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्याच्या पडद्यावर चुकीचा संदेश उमटला की तो घाबरतो, कारण तो संदेश इंग्रजीत असतो. त्या संदेशात बहुधा फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. तो शांतपणे वाचण्याची सवय आपण लावली, तर निम्मे काम झाले. शाळेतील संगणक सायंकाळी तासभर खुले ठेवावेत आणि दोघा-तिघांनी मिळून एक काम करावे. पंचायतींनी व वाचनालयांनी अशा मुलांना आपल्या खऱ्या गरजा सांगाव्यात, मात्र मूळ वही लगेच बंद करू नये. काही काळ वही आणि संगणक दोन्ही चालवून नोंदी पडताळून पाहाव्या.

हा अभ्यास दोन-तीन महिन्यांत उरकणारा नाही आणि केवळ त्याच्या बळावर प्रत्येकास नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. परंतु ज्या मुलीने आपल्या गावची देवघेव वही खिडकीपासून दप्तरखान्यापर्यंत स्वतः उभी केली, तिला नवे साधन पुढे आले तरी भीती वाटणार नाही. कोणते शुल्क भरावे आणि कोणते भरू नये, हेही तिचे तिला ठरविता येईल. असा एक तरी विद्यार्थी प्रत्येक गावात तयार व्हावा, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.