गल्ल्यावरची जपानी मांजर: कुठली घ्यायची?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय मांजर. खरी नाही, चायनीज हॉटेलच्या गल्ल्यावर बसून हात हलवत असते ती.

तर ती मुळात चिनी नाही, जपानी आहे. नाव मानेकी नेको, म्हणजे बोलावणारी मांजर. आपल्याकडे गिफ्टच्या दुकानात ती फेंगशुईच्या कप्प्यात, लाफिंग बुद्धाच्या शेजारी बसते, म्हणून हा घोळ. आणि ती टाटाही करत नाहीये. जपानमध्ये कुणाला बोलावताना तळहात खाली ठेवून बोटं आत घेतात. आपली आजी ओट्यावरून "ये रे इकडे" म्हणते, अगदी तसंच. अमेरिकन माणसाला हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही.

हा विषय निघाला कारण माझी मावसबहीण केकचं दुकान टाकतेय. नोकरीतली सगळी बचत त्यात लावलीय. अशा वेळी माणूस हळवा असतो, आणि विकणाऱ्यांना ते बरोबर कळतं. एकाने तिला "ऊर्जित केलेली" मांजर दाखवली, किंमत साध्या मांजरीच्या कितीतरी पट. "दादा, घेऊ का?" म्हटलं, मांजर घे, ऊर्जा सोड. त्या पैशात केकचे साचे येतील.

आता निवडायची कशी? आधी हात बघा. प्रचलित समजूत अशी की डावा हात वर असेल तर गिऱ्हाईक येतं, उजवा असेल तर पैसा. म्हणून दुकानाला डावा, घराला उजवा. हात मांजरीचा मोजायचा हं, आपला नाही. फोटोत तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. दोन्ही हात वर असलेलीही मिळते, पण जपानीत 'हात वर करणे' म्हणजे हार मानणे, त्यामुळे ती काहींना नको असते. मला तर ती पोलिसांनी पकडल्यासारखीच दिसते.

रंगांचं थोडक्यात सांगतो. पांढरी आणि तिरंगी या जुन्या, काळी वाईट टाळणारी, लाल आजार दूर ठेवणारी, सोनेरी पैशाची. तिरंगीला विशेष मान आहे. खऱ्या मांजरांत तिरंगी बोका फार दुर्मीळ असतो, तो जनुकांचा खेळ आहे.

तिच्या हातातलं लांबट नाणं म्हणजे कोबान, एदो काळातलं सोन्याचं नाणं. खरं कोबान एक र्‍योचं, पण मांजरीच्या नाण्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं एक कोटी र्‍यो! पोकेमॉनमधल्या म्याऊथच्या कपाळावर तेच नाणं आहे. जपानी म्हण आहे, 'मांजरीला कोबान'. म्हणजे आपलं 'गाढवाला गुळाची चव काय'.

मला स्वतःला आवडते ती टोकियोतल्या गोतोकुजी मंदिराची. आख्यायिका अशी: ई नाओताका नावाचा सरदार झाडाखाली थांबला होता, मंदिराच्या मांजरीने त्याला आत बोलावलं आणि तो वादळातून, विजेतून वाचला. तिथल्या मांजरी पांढऱ्या, उजवा हात वर, आणि हातात नाणं नाहीच. कारण काय देतात, तर मांजर फक्त संधी आणते, तिचं काय करायचं ते तुमच्यावर. इच्छा पूर्ण झाली की लोक मूर्ती परत आणून ठेवतात, शेकडोंच्या रांगा आहेत. याच शहरात असाकुसा भागातही मूळ सांगितलं जातं. हिरोशिगेच्या 1852 च्या एका चित्रात अशा मांजरी विकणारा ठेला आहे.

चिनीमातीची हवी असेल तर तोकोनामेची गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांची. सेतोची सडपातळ, खऱ्या मांजरीसारखी. कुतानीची अंगभर नक्षीवाली. काहींच्या पाठीत गल्ल्याची फट असते, तेवढी विचारून घ्या.

हात हलवणारी प्लॅस्टिकची बहुतेक चीनमध्ये बनते. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, हाताच्या खालच्या टोकाला चुंबक, आणि हात लंबकासारखा झुलतो. इतकंच. सोलरवाली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलीत तर थांबेल, मग अपशकुन झाला म्हणून घाबरू नका. उजेडात सरकवा.

मुहूर्त हवाच असेल तर 29 सप्टेंबर. जपानमध्ये तो मानेकी नेको दिवस, कारण 9-2-9 चा उच्चार 'कुरु फुकु', म्हणजे 'येणारं सौभाग्य', असा जुळवता येतो.

तुमच्या घरात कुठला हात वर आहे, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!